टिकलं कसं, ते विचार

प्रिय पोरी,

तुझी मेल वाचली. थिसिसचा विषय बदलायचा म्हणतेस. कॅन्ससमधल्या निकोडेमसमध्ये, गुलामीतून सुटलेल्या काळ्या लोकांनी वसवलेल्या या गावात, म्हणे ‘काही नाहीच’. 2020च्या जनगणनेत 14 माणसं, महापौर नाही, नगरपालिका नाही, आणि तुझ्या गाइडनी विचारलं की चौदा माणसांवर प्रबंध कोण लिहितं. प्रश्न रास्त आहे. मला राग आला तो तुझ्या प्रकरणयादीचा: उदय, ऱ्हास, अंत. अगं, अंत झालाय कुठे?

रेल्वेची गोष्ट सगळेच सांगतात. 1887 साली रेल्वे यावी म्हणून तिथल्या लोकांनी 16,000 डॉलरचे रोखे मंजूर केले, तरी ती आली नाही. दुसऱ्या कंपनीचे रूळ सॉलोमन नदीच्या पलीकडून गेले आणि व्यापारी चंबूगबाळं आवरून रुळांकडच्या बोग गावाला निघून गेले. खरं आहे सगळं. पण गेलं कोण? दुकानदार. होमस्टेड कायद्याखाली, म्हणजे कसणाऱ्याला सरकारी जमीन देणाऱ्या कायद्याखाली, 160 एकर मिळवून बसलेल्या शेतकऱ्याला रुळांमागे धावायची काय गरज? पेठ आणि गाव तू एकाच खात्यात मांडलंस. मी आयुष्यभर धान्याच्या एलिव्हेटरवर, म्हणजे कोठारावर, हिशेब लिहिले, असली नोंद मी तपासणीत सोडली नसती.

मेलं कसं, हे शंभर जणांनी लिहून झालंय. तू टिकलं कसं ते विचार.

1877 मध्ये केंटकीहून माणसं आली, बरीचशी गुलामीतून सुटलेली. झाडं नाहीत, लाकूड नाही, म्हणून जमिनीतच घरं खोदली. पहिल्या हिवाळ्यात ओसेज या मूळनिवासी जमातीच्या शिकाऱ्यांनी मांस दिलं म्हणून निभावलं. काही जण तिथली अवस्था बघून परतले. राहिले ते का राहिले? हे तुझ्या आराखड्यात कुठेच नाही.

1953ला पोस्ट बंद, 1960ला शाळा बंद. ही दोन सालं तू लाल रंगात दाखवलीस. मग 1976मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा आणि 1996मध्ये नॅशनल पार्क सर्व्हिसची पाटी, हे कोणामुळे झालं? अँजेला बेट्ससारख्या, त्या पहिल्या वसाहतकऱ्यांच्या वंशजांनी नेटाने पाठपुरावा केला म्हणून. त्यातले कितीतरी जण त्या चौदांत मोजलेले नाहीत. जनगणना रात्री कोण कुठे झोपतो ते मोजते. आपलं कुठलं गाव ती मोजत नाही.

महापौर नाही म्हणून कारभार नाही, असंही लिहू नकोस. टाउनशिप, म्हणजे काउंटीतला छोटा कारभारी विभाग, आहे; काउंटी, म्हणजे जिल्हा, आहे. 1939 साली बांधलेला चुनखडीच्या दगडाचा टाउनशिप हॉल उभा आहे, आणि दर जुलैच्या अखेरीस होमकमिंगला, म्हणजे गावी परतण्याच्या उत्सवाला, देशभरातून माणसं येतात. हा उत्सव वेस्ट इंडीजमधल्या 1 ऑगस्ट 1834च्या गुलाममुक्तीच्या स्मरणातून सुरू झाला. कॅन्ससच्या माळावर कॅरिबियन बेटांची तारीख! यावर तुझ्या आराखड्यात एक ओळ नाही, आणि म्हणे काही नाहीच.

मी जरा जास्तच चिडलोय, कबूल. पुण्याचे नातेवाईक मला अजून विचारतात, त्या ओसाडीत आहे तरी काय? शिकागोची नोकरी सोडून इथे कॅन्ससमध्ये राहिलो तेव्हाही विचारलं होतं. त्यांना धड उत्तर देता आलं नाही, याची रुखरुख आहे. राहिल्याची नाही. गव्हाच्या हंगामात ट्रकांची रांग लागली की प्रत्येक ड्रायव्हर मला नावाने हाक मारायचा. शिकागोत कोण मारणार होतं? असो, माझं पुराण पुरे.

विषय बदलायचा अर्ज सध्या देऊ नकोस. जुलैच्या शेवटच्या शनिवारी हायवे 24ने निकोडेमसला जाऊ. तिथे पोचल्यावर रेल्वेबद्दल कोणाला काही विचारू नकोस. जेवायला बस, आणि शेजारच्या आजीला विचार, तुमचे लोक परत का येतात. गाडी मी चालवतो, तुझं ड्रायव्हिंग बघितलंय मी.

तुझा,
काका