वाचकांचे प्रश्न : पोलादी पिस्तूल, पावसाळा आणि परवाना

गेल्या अंकातील शिकारी बंदुकांवरच्या लेखानंतर पिस्तुलांच्या देखभालीविषयी बरीच पत्रे आली. सातारा जिल्ह्यात घरटी एक माणूस फौजेत असलेली गावे आहेत. तेव्हा निवृत्तीनंतर रीतसर परवान्यावर घेतलेले किंवा वारशाने आलेले एखादे शस्त्र अनेक घरांत असणे स्वाभाविक आहे. त्यांपैकी चार पत्रे येथे घेतली आहेत.

माझ्या दिवंगत चुलत्यांचे .३२ बोअरचे बेल्जियन पिस्तूल, १९१० चे मॉडेल, माझ्या नावे परवाना होऊन माझ्याकडे आले आहे. मित्र म्हणतात, प्लास्टिकच्या फ्रेमची नवी पिस्तुले हलकी असतात, गंजत नाहीत. हे जुने लोखंड कशाला सांभाळतोस? मला ते सोडवत नाही, पण कारण सांगता येत नाही. — एक वाचक, कोरेगाव

आपल्या मित्रांचे म्हणणे खोटे नाही. १९८० च्या दशकात ग्लॉक या ऑस्ट्रियन पिस्तुलाने पॉलिमरची फ्रेम जगभर रूढ केली आणि त्यानंतर बहुतेक पोलीस दले व सैन्ये त्याच वाटेने गेली. अमेरिकी सैन्याचे पूर्वीचे पोलादी एम १९११ रिकामे असतानाही सुमारे १,१०० ग्रॅम भरते, तर ग्लॉक १७ त्याहून पुष्कळच हलके आहे. ज्याला दिवसभर कमरेला शस्त्र वागवायचे आहे त्याने हलके निवडावे, यावर वाद घालण्याचे कारण नाही. मात्र आपल्याकडे असलेले पिस्तूल मुळातच खिशात मावावे म्हणून बेतलेले असून त्याचे वजन ६०० ग्रॅमच्या आसपास आहे; म्हणजे वजनाचा मुद्दा आपल्याला लागूच होत नाही.

खरा प्रश्न असा आहे की, खासगी परवानाधारक आपल्या शस्त्राचे करतो काय? वर्षाकाठी मोजकी काडतुसे झाडतो आणि उरलेले वर्षभर ते उघडतो, पुसतो, तेल देतो, बंद करतो. या व्यवहारात पोलादाचा आनंद वेगळा आहे आणि तो समजून घ्यायचा तर पिस्तूल उघडावे लागते. मॅगझिन (काडतुसांची पेटी) आधी काढावे, स्लाइड (वरचा सरकणारा भाग) मागे ओढून चेंबर (नळीतली काडतूस बसण्याची जागा) रिकामे असल्याची डोळ्यांनी आणि करंगळीच्या टोकाने खात्री करावी, आणि मगच पुढे जावे. हा क्रम फौजेत ज्यांच्या अंगवळणी पडला आहे त्यांनाही मी तो पुन्हा सांगतो. आता नळीच्या तोंडाशी जी खाचेदार कडी दिसते ती आत दाबून फिरवली की ती सुटते आणि तिच्यामागची स्प्रिंग बाहेर येऊ पाहते. अंगठा बाजूला घेण्याची घाई केल्यास ती खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात सापडते. या पिस्तुलाचे रचनाकार जॉन ब्राउनिंग यांनी आपल्या १९०० च्या पिस्तुलात ही स्प्रिंग नळीच्या वर ठेवली होती. १९१० मध्ये त्यांनी ती नळीभोवतीच गुंडाळली, त्यामुळे वरचा सगळा पसारा नाहीसा झाला आणि आपल्या हातातला तो सडपातळ, कुठेही न अडकणारा आकार तयार झाला. अंगठ्याचा खटका, मुठीत दाबली जाणारी पट्टी आणि मॅगझिन नसताना चाप अडवणारी योजना, अशा तीन सुरक्षा एवढ्याशा वस्तूत त्यांनी बसवल्या. नळीला कुलूप लावणारी कोणतीही यंत्रणा यात नाही. स्लाइडचे वजन आणि स्प्रिंगचा जोर एवढ्यावरच काडतूस फुटण्याच्या क्षणी मागची बाजू बंद राहते आणि गोळी नळीबाहेर पडल्यावर ती उघडते. .३२ सारख्या सौम्य काडतुसाला एवढे पुरते.

स्लाइड आणि फ्रेम या दोन्ही घडाई केलेल्या पोलादाच्या ठोकळ्यातून कातून काढलेल्या असत आणि शेवटचा मेळ कारागीर कानशीने हाताने जुळवीत असे. स्लाइड सावकाश मागे ओढून पाहा: ती कुठे खडखडत नाही, कुठे अडत नाही, आणि सोडल्यावर एकाच आवाजात बसते. आपल्याला सांगता न येणारे कारण बहुधा हेच असावे. शिवाय त्यातील प्रत्येक पिन ठोकून काढता येते, प्रत्येक भाग ओळखता येतो आणि झिजलेला भाग जाणत्या, परवानाधारक कारागिराकडून नव्याने करवून घेता येतो. तडकलेली पॉलिमर फ्रेम कोणत्याही कारागिराला सांधता येत नाही.

तरीही 'जुने ते पोलाद' असा जो सूर काही शौकिनांचा असतो, तो मला मान्य नाही. आजचे पोलाद आणि त्यावरची उष्णप्रक्रिया शंभर वर्षांपूर्वीच्या तुलनेत अधिक एकसारखी व विश्वासार्ह आहे. खिशातल्या जुन्या पिस्तुलांपैकी अनेकांत फायरिंग पिन (काडतुसावर आघात करणारी सुई) रोखून धरणारी योजना नसते, त्यामुळे असे पिस्तूल हातातून दगडी फरशीवर पडल्यास धोका संभवतो. चेंबरमध्ये काडतूस भरून असे पिस्तूल कधीही ठेवू नये.

आणखी एक गोष्ट आपल्या चुलत्यांच्या पिस्तुलाच्या संदर्भात सांगावीशी वाटते. ब्राउनिंग यांचे निधन १९२६ मध्ये बेल्जियममधील लिएज येथे, कारखान्यात काम करीत असतानाच झाले. त्यांचे अपुरे राहिलेले ९ मि.मी. चे पिस्तूल द्योदोने सैव या त्यांच्या सहकाऱ्याने पूर्ण केले आणि ते १९३५ मध्ये हाय-पॉवर या नावाने बाजारात आले. दुसऱ्या महायुद्धात ते कॅनडातील इंग्लिस कंपनीत तयार झाले आणि पुढे तोच नमुना ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत 'पिस्तूल ऑटो ९ मि.मी. १ ए' म्हणून भारतीय सैन्यासाठी बनू लागला. अपशिंग्यातल्या किंवा कोरेगावातल्या ज्या जवानाने कोतमधून (पलटणीच्या शस्त्रागारातून) ९ मि.मी. पिस्तूल सही करून घेतले असेल, त्याने ब्राउनिंगचीच रचना हाताळली आहे.

पिस्तूल चामड्याच्या होल्स्टरमध्ये भरपूर तेल लावून कपाटात ठेवले होते. पावसाळ्यानंतर काढले तर स्लाइडवर तांबूस ठिपके. दुकानदार म्हणतो, पॉलिश करून नवे ब्लूइंग करून देतो. करावे का? — एक वाचक, पाटण

करू नये. निदान इतक्यात तरी नाही.

ब्लूइंग, म्हणजे पोलादाची ती निळीकाळी झाक, हा रंगाचा थर नव्हे. लोखंडाचाच एक घट्ट ऑक्साइड, ज्याला मॅग्नेटाइट म्हणतात, तो पृष्ठभागावर मुद्दाम तयार केलेला असतो. जुने कारागीर हे काम चक्क गंजातून करीत. घासून, तेलाचा अंशही न ठेवता स्वच्छ केलेल्या पोलादावर आम्लयुक्त द्रावण लावून ते दमट जागी गंजू द्यायचे, मग उकळत्या पाण्यात बुडवायचे म्हणजे तांबडा गंज काळा होतो, मग तारेच्या मऊ ब्रशने सैल भुकटी झाडायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. अशा अनेक फेऱ्यांनंतर ती खोल, मखमली निळाई येते. हल्ली बहुतेक ठिकाणी क्षारांच्या उकळत्या द्रावणात बुडवून हेच काम थोड्या वेळात उरकतात. त्याला चकाकी येते, पण ती मूळची निळाई नव्हे. आणि दोन्ही पद्धतींत थर इतका पातळ असतो की तो एकट्याने पाणी रोखू शकत नाही. त्याचे खरे काम तेल धरून ठेवण्याचे आहे.

आपल्या बाबतीत तेल कमी पडले नसून चामड्याने घात केला. कमावलेल्या चामड्यात आम्ले आणि क्षार राहतात, शिवाय ते हवेतील ओल शोषून पोलादाला चिकटवून ठेवते. पाटण, कोयनानगर, महाबळेश्वर या पट्ट्यात आषाढ-श्रावणात भिंतीदेखील घामेजतात, तेथे होल्स्टर हा वापरण्याचा पट्टा आहे, साठवणीची पिशवी नव्हे, हे लक्षात ठेवावे. पिस्तूल कोरड्या सुती कापडात सैल गुंडाळून, कुलूपबंद पेटीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावे. पेटी बाहेरच्या भिंतीला टेकवू नये. रंग बदलणारे सिलिका जेल मिळाले तर उत्तम, कारण ते कधी ओलावले आणि कधी तापवून पुन्हा कोरडे करायचे हे नुसते पाहून कळते. काडतुसे वेगळ्या कुलपात ठेवावीत. पावसाळ्यात दर पंधरवड्याने पेटी उघडून पिस्तूल तेलाच्या फडक्याने पुसावे आणि पुसल्यानंतर उघड्या बोटांचा स्पर्श टाळावा. काही जणांच्या घामात इतका खारटपणा असतो की बोटांचे ठसेच दुसऱ्या दिवशी तांबेऱ्यात उमटतात.

सध्याच्या ठिपक्यांवर पातळ तेलाचा एक थेंब टाकून रात्रभर राहू द्यावा आणि सकाळी मऊ फडक्याने चोळावे. बहुतेक ठिपके एवढ्याने निघतात. न निघाल्यास अगदी बारीक प्रतीची स्टील वूल तेलात भिजवून, जोर न लावता, फिरवावी. पॉलिश पेपर मात्र घराबाहेरच ठेवावा. खोबरेल तेलाचा प्रयोग आमच्याकडे बऱ्याच घरांत होतो; डिसेंबरात ते थिजते, आणि कोणतेही वनस्पती तेल कालांतराने चिकट होऊन फायरिंग पिनच्या भोकात राळेसारखे बसते. शिवणयंत्राचे तेल परवडले. तेही 'भरपूर' नको: जादा तेल ओघळून काडतुसाच्या प्राइमरमध्ये (बुडाशी असलेल्या, आघाताने पेटणाऱ्या टोपीत) गेले तर ऐन वेळी काडतूस फुसके निघू शकते.

नळी साफ करताना शक्य असेल तेथे चेंबरच्या बाजूने ब्रश घालावा, म्हणजे नळीच्या तोंडाशी असलेली कड झिजत नाही. फौजेतली चिंदी आणि पुलथ्रू (चिंदी बांधून नळीतून ओढायची दोरी) यांची सवय असलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. फार जुन्या लष्करी काडतुसांच्या प्राइमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असे आणि त्यातून उरणारा क्षार मिठाप्रमाणे ओल ओढतो. तो तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. म्हणून अशी काडतुसे झाडल्यावर आधी गरम पाणी, मग पूर्ण कोरडे करणे, मग तेल, हा क्रम पाळावा.

आता पॉलिशविषयी. बफच्या चाकावर धरलेल्या स्लाइडच्या धारदार कडा गोलसर होतात, कोरलेली अक्षरे पसरट होतात आणि जाणकाराच्या लेखी त्या पिस्तुलाची किंमत उतरते. याहून गंभीर बाब अशी की, बफिंगमध्ये क्रमांक पुसट झाला तर आपण शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ८ च्या कक्षेत येता, कारण शस्त्रावरील ओळखचिन्ह पुसणे वा बदलणे हा गुन्हा आहे. हातात धरून झिजलेली जुनी निळाई तशीच राहू द्यावी. माझ्या दृष्टीने ती डागाळलेली दिसत नाही.

नुकताच परवाना मिळाला आहे. ९ मि.मी. चे हाय-पॉवर परदेशातून मागवता येईल का? — एक वाचक, सातारा शहर

नाही. ९ मि.मी. हा प्रतिबंधित बोअर असून सामान्य परवान्यावर तो मिळत नाही, आणि सर्वसाधारण नागरिकांसाठी शस्त्रांची आयात १९८० च्या दशकापासून बंद आहे. म्हणूनच आपल्याकडे अभिजात पोलादी पिस्तूल म्हणजे व्यवहारात .३२ चे पिस्तूल: एक तर देशी कारखान्याचे, किंवा आयात खुली असताना आलेले आणि तेव्हापासून एका परवान्यावरून दुसऱ्या परवान्यावर फिरत राहिलेले वॉल्थर, कोल्ट, ब्राउनिंग वा वेबली. टंचाईमुळे या परदेशी पिस्तुलांना वाटेल ती किंमत सांगितली जाते. किमतीवरून दर्जा ठरवू नये.

बघायला गेल्यास आधी क्रमांक वाचा आणि विक्रेत्याच्या परवान्यावरील क्रमांकाशी ताडून पाहा. न जुळल्यास चहा घेऊन परत या. मग नळीत उजेड धरून खड्डे पाहा. मग मॅगझिन पाहा, कारण त्याचे वरचे ओठ वाकलेले असतील तर उत्तम पिस्तूलही अडते आणि मूळ मॅगझिन आज सहज मिळत नाही. १९२९ च्या वॉल्थर पीपीमध्ये चेंबर भरलेले असल्यास हॅमरच्या (मागच्या घोड्याच्या) वर एक बारीक पिन बाहेर येते, जी अंधारातही अंगठ्याला लागते. ती काम करते का हे दुकानदाराला डमी काडतुसावर दाखवायला सांगा. कोल्टच्या १९०३ च्या मॉडेलमध्ये हॅमर स्लाइडच्या आत झाकलेला आहे, त्यामुळे तो ताणलेला आहे की नाही हे बाहेरून कळत नाही. नवख्याने पहिले शस्त्र म्हणून ते घेऊ नये असे माझे मत आहे.

वडील ७४ वर्षांचे आहेत. त्यांचे पिस्तूल हयातीतच माझ्या नावे होईल का? निवडणुकीच्या काळात ते पोलीस ठाण्यात जमा करावे लागते, तेव्हा काय काळजी घ्यावी? — एक वाचक, वाई

होऊ शकते. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे परवानाधारकाचे वय ७० झाले असेल किंवा शस्त्र २५ वर्षे त्याच्याकडे असेल, तर त्याच्या हयातीतही कायदेशीर वारसाला अर्ज करता येतो. परवाना मात्र आपोआप वारशाने येत नाही; आपल्याला जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे स्वतंत्र अर्ज करावा लागेल आणि पोलीस पडताळणी व्हावी लागेल. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीकडे दोनच शस्त्रे राहू शकतात, हेही ध्यानात घ्यावे. हे काम आताच उरकावे असे मी सुचवीन, कारण परवानाधारकाच्या निधनानंतर शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते आणि 'आठवण म्हणून' कपाटात ठेवणाऱ्या मुलांवर गुन्हा दाखल होतो.

जमा करण्यापूर्वी पिस्तूल आतून-बाहेरून नेहमीपेक्षा जाड तेलाने माखावे, होल्स्टर घरी ठेवावे, आणि पावतीवर क्रमांकाबरोबर मॅगझिनची संख्या व पृष्ठभागाची अवस्था लिहून घ्यावी. परत आल्यावर लगेच झाडू नये. आधी उघडून जाड तेल पुसून काढावे आणि नळीतून उजेड आरपार दिसतो का हे पाहावे: बंदुकीच्या नळीत कुंभारमाशी मातीचे घर करून बसू शकते आणि अडथळा असलेल्या नळीतून गोळी झाडल्यास नळी फुगते किंवा फाटते. माती निघाल्यास ती कोरडी खरवडू नये. तेलात मऊ करून चिंदीने बाहेर काढावी.