ऑलिव्हर कानच्या क्लब कारकिर्दीचे मोठेपण कशात आहे?

आपला प्रश्न असा आहे की, २००२ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ब्राझीलच्या रिवाल्डोचा फटका जर्मनीचा गोलरक्षक ऑलिव्हर कान याच्या हातातून सुटला आणि रोनाल्डोने गोल केला, एवढीच त्याची आठवण आपल्याकडे उरली आहे. मग जर्मनीत त्याला इतके का मानतात, आणि क्लबसाठी त्याने असे काय केले? १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून मी त्याच्या बायर्न म्युनिक या जर्मन फुटबॉल क्लबचे सामने पाहत आलो आहे, त्या आधारे सविस्तर उत्तर देतो. कानने अडवलेले फटके तर थोर आहेतच. पण माझ्या मते त्याचे खरे सामर्थ्य आपल्यावर गोल झाल्यानंतर तो काय करत असे यात दिसते, आणि ते पाहायचे तर राष्ट्रीय संघाकडे नव्हे, क्लबकडेच वळावे लागते.

कानचा जन्म १५ जून १९६९ रोजी कार्ल्सरुहे येथे झाला. त्याचे वडील रॉल्फ कान हे तिथल्याच कार्ल्सरुहर एससी या क्लबकडून खेळलेले होते आणि मुलगाही वयाच्या सहाव्या वर्षी त्याच क्लबच्या बालसंघात दाखल झाला. बुंडेसलिगातला, म्हणजे जर्मनीच्या अव्वल लीगमधला, त्याचा पहिला सामना २७ नोव्हेंबर १९८७ रोजी कोलोनविरुद्ध झाला आणि त्या दिवशी त्याच्यावर चार गोल झाले. त्यानंतर अलेक्झांडर फामुल्ला हाच पहिल्या पसंतीचा गोलरक्षक राहिला आणि कानला राखीव खेळाडूंत बसावे लागले. १९९० मध्ये प्रशिक्षक विनफ्रीड शेफर यांनी त्याला कायमचे स्थान दिले. याच संघाने नोव्हेंबर १९९३ मध्ये युएफा चषक या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेत स्पेनच्या व्हॅलेन्सियाला घरच्या वाइल्डपार्क मैदानावर ७–० असे हरवले. पहिली लढत व्हॅलेन्सियाने ३–१ अशी जिंकली होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या रात्रीचे मोल कळते. एडगर श्मिटने चार गोल केले म्हणून ती रात्र त्याच्या नावावर जमा आहे, आणि ते योग्यच आहे. पण संघाच्या उपांत्य फेरीपर्यंतच्या त्या प्रवासातच कान जर्मनीभर ठाऊक झाला.

१९९४ मध्ये बायर्न म्युनिकने रायमोंड आउमानच्या जागी त्याला सुमारे ४६ लाख मार्क देऊन घेतले. त्या काळी जर्मनीत गोलरक्षकासाठी एवढी रक्कम कोणी मोजली नव्हती. पहिल्याच हंगामात त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला आणि कित्येक महिने तो मैदानाबाहेर राहिला. तरी परतल्यावर पुढची तेरा वर्षे ती जागा कोणालाही त्याच्याकडून घेता आली नाही. बायर्नचे एकेकाळचे महान गोलरक्षक सेप मायर हे त्याचे गोलरक्षणाचे प्रशिक्षक होते, आणि त्यांच्या हाताखालच्या कठोर सरावाला त्याच्या घडणीत फार मोठे स्थान आहे. १९९६ मध्ये बोर्दोला हरवून युएफा चषक आला, १९९७ मध्ये त्याचे पहिले लीग विजेतेपद आले.

आता १९९९ कडे वळू. २६ मे रोजी बार्सिलोनाच्या काम्प नोउ मैदानावर, चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेच्या अंतिम सामन्यात, मारिओ बास्लरने सहाव्या मिनिटाला केलेल्या गोलवर बायर्न नव्वद मिनिटे होईपर्यंत पुढे होते, आणि भरपाई वेळेत मँचेस्टर युनायटेडने डेव्हिड बेकहॅमच्या दोन कॉर्नरवर दोन गोल करून चषक नेला. अशा पराभवानंतर संघ फुटतात. प्रशिक्षक ओटमार हिट्सफेल्ड यांचा हा संघ फुटला नाही, आणि त्याचे पुष्कळसे श्रेय मी कानला देतो.

दोन वर्षांनी, १९ मे २००१ रोजी, हॅम्बुर्गमध्ये लीगचा शेवटचा सामना होता आणि विजेतेपदासाठी बायर्नला बरोबरी पुरेशी होती. नव्वदाव्या मिनिटाला हॅम्बुर्गच्या सेर्गेय बार्बारेझने डोक्याने गोल केला. तिकडे विजेतेपदाच्या शर्यतीतल्या शाल्के या क्लबने आपला सामना जिंकला होता, त्यांचे प्रेक्षक मैदानात उतरून नाचू लागले होते. इथे बायर्नचे खेळाडू मान टाकून उभे होते. कान मात्र चेंडू पुन्हा मध्यावर जाण्याआधीच एकेकाला ओरडून, हलवून उभे करत होता. ‘पुढे, सतत पुढे’ हे त्याचे शब्द जर्मनीत आज म्हणीसारखे वापरले जातात. काही क्षणांत हॅम्बुर्गचा गोलरक्षक माथियास शोबर याने सहकाऱ्याने मागे दिलेला चेंडू हातात घेतला, जे नियमात बसत नाही, म्हणून पंच मार्कुस मेर्क यांनी गोलक्षेत्रातच अप्रत्यक्ष फ्री किक दिली, आणि श्टेफान एफेनबर्गने सरकवलेला चेंडू पॅट्रिक अँडरसनने गर्दीतून जाळ्यात मारला. त्या वेळी कानसुद्धा आपला गोल मोकळा सोडून समोरच्या गोलक्षेत्रात येऊन उभा होता. सामना संपताच त्याने कोपऱ्यातला झेंडा उपटला आणि तो हातात धरून जमिनीवर पाठ टेकली.

अवघ्या चार दिवसांनी मिलानच्या सान सिरो मैदानावर चॅम्पियन्स लीगची अंतिम लढत होती आणि समोर होते व्हॅलेन्सिया. तिसऱ्याच मिनिटाला गाइस्का मेंडिएटाने पेनल्टीवर गोल केला, बायर्नची एक पेनल्टी व्हॅलेन्सियाचा गोलरक्षक सान्तियागो कान्यिझारेसने अडवली, अखेर एफेनबर्गने पेनल्टीवरच बरोबरी साधली. जादा वेळही कोरा गेला. शूटआऊटमध्ये, म्हणजे निकालासाठी आळीपाळीने मारायच्या पेनल्टींत, बायर्नचा पहिलाच फटका गोलवरून गेला, म्हणजे पुन्हा पिछाडीवरून सुरुवात. कानने आधी झ्लात्को झाहोविचचा फटका अडवला, मग आमेदेओ कार्बोनीचा चेंडू हात लावून क्रॉसबारवर वळवला, आणि शेवटी मॉरिसिओ पेलेग्रिनोचा फटका थोपवून सामना ५–४ असा संपवला. त्यानंतरची गोष्ट मला या विजयाइतकीच महत्त्वाची वाटते: सहकारी आनंदाने धावत असताना कान रडणाऱ्या कान्यिझारेसकडे गेला आणि त्याचे सांत्वन करू लागला. दोन वर्षांपूर्वी आपण कुठे होतो, हे तो विसरला नव्हता. या वर्तनाबद्दल त्याला खिलाडूवृत्तीचा पुरस्कारही मिळाला.

त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. एप्रिल १९९९ मध्ये डॉर्टमुंडविरुद्ध त्याने त्यांच्या स्तेफान शापुइझाच्या दिशेने हवेत लाथ उगारून झेप घेतली आणि हायको हेर्लिशच्या चेहऱ्याजवळ तोंड नेऊन चावल्यासारखे केले. हे वर्तन समर्थनीय नव्हते आणि जिद्दीच्या नावाखाली ते झाकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याच सामन्यात त्याने डॉर्टमुंडच्या लार्स रिकेनची पेनल्टी अडवली आणि दोन गोलांनी मागे पडलेले बायर्न बरोबरीत सुटले, हेही तितकेच खरे आहे. चुकाही त्याच्याकडून झाल्या. फेब्रुवारी २००४ मध्ये रेआल माद्रिदच्या रोबेर्तो कार्लोसची फ्री किक त्याच्या शरीराखालून निसटली, तो क्षण बायर्नच्या चाहत्यांना अजून बोचतो.

विश्वचषकाची ती चूक झाल्यानंतरही तो सहा वर्षे खेळला आणि त्यात बायर्नने चार वेळा लीग व चार वेळा जर्मन चषक जिंकला. एकूण हिशेब आठ लीग विजेतेपदे, सहा जर्मन चषक आणि बुंडेसलिगाचे ५५७ सामने असा आहे. बायर्नकडून त्याचा निरोपाच्या दौऱ्यातला सामना २७ मे २००८ रोजी कोलकात्यात, खचाखच भरलेल्या सॉल्ट लेक मैदानावर मोहन बागानविरुद्ध झाला आणि बायर्नने तो ३–० असा जिंकला. भारतीय प्रेक्षकांनी त्याला उभे राहून निरोप दिला, याचा मला आजही आनंद आहे.

त्याचा खेळ पाहायची इच्छा झाली असेल, तर आधी हॅम्बुर्गच्या सामन्याची शेवटची दहा मिनिटे शोधून पाहा आणि मगच मिलानचा शूटआऊट पाहा. क्रम उलटा केलात, तर पेलेग्रिनोसमोर उभा असलेला कान इतका शांत का दिसतो, हे कळायचे राहून जाईल.