पर्जन्यमापक मांडण्याआधी

यंत्र घेतलंस ते बरं केलंस, पण अजून अंगणात रोवू नकोस. आपल्याकडे मोकळी जागा म्हणजे चारी बाजूंनी माड! अडथळा जितका उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतर हवं. मी पहिल्या वर्षी पागोळ्यांच्या जवळ लावला होता. कौलांवरचे शिंतोडे आत जायचे आणि मी फुशारकीने शेजाऱ्यांना आकडे सांगायचो. तोंड जमिनीपासून 30 सें.मी. वर आणि अगदी सपाट ठेव, पाणसळ लावून बघ.

नोंद रोज सकाळी साडेआठला. हवामान खात्याचा पावसाचा दिवस तिथेच संपतो, त्यामुळे तुझा आकडा पणजीच्या आकड्याशी ताडून बघता येतो. मोजपात्र डोळ्यांच्या रेषेत धर आणि पाण्याची कड नव्हे, मधला खोलगट भाग वाच. तुझ्या मापकाचं तोंड 200 चौ. सें.मी. असेल तर 20 मि.ली. म्हणजे 1 मि.मी. मोजपात्र हरवलं तरी औषधाच्या सिरिंजने काम भागतं.

जुलैत एका रात्रीत 115 मि.मी.च्या वर गेलं तर घाबरू नकोस, त्याला ‘अतिमुसळधार’ म्हणतात. पाणी दोन-तीन हप्त्यांत मोज, प्रत्येक आकडा लिहीत जा, बेरीज शेवटी. वाळपईचा आकडा तुझ्यापेक्षा बराच मोठा दिसला तरी यंत्राला दोष देऊ नकोस; तिकडे घाट ढगांना अडवतो.

आणि कोरड्या दिवशीही वहीत शून्य लिही. रिकामी ओळ सोडलीस तर पाऊस नव्हता की तू म्हापशाच्या बाजाराला गेला होतास, कसं कळणार?