दोन्हीकडे इलेक्ट्रोडच, मग फरक कोणता?

प्रश्न : द्रव क्रोमॅटोग्राफीतील (द्रावणातील घटक वेगळे करण्याच्या पद्धतीतील) वाहकता डिटेक्टर आणि विद्युतरासायनिक डिटेक्टर या दोन्हींत इलेक्ट्रोड असतात व दोन्ही विजेच्याच आधारे मोजमाप करतात. मग त्यांना वेगळे का मानतात?

उत्तर : शंका रास्त आहे. खरा फरक एवढाच, की इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रॉनची देवघेव होते की नाही. वाहकता मोजताना प्रत्यावर्ती विद्युतदाब देतात, तो अशी देवघेव टाळण्यासाठीच. तेथे द्रावणातील सगळे आयन मिळून वीज किती वाहून नेतात एवढेच पाहिले जाते. क्लोराइड असो वा सल्फेट, त्याला भेदभाव नाही. पण कॉलममधून (घटक वेगळे करणाऱ्या नळीतून) वाहणारा मोबाइल फेज, म्हणजे नमुना वाहून नेणारा द्रव, स्वतःच आयनांनी भरलेला असेल, तर त्या गोंगाटात नमुन्यातील चिमूटभर आयन ऐकू यायचे कसे?

हॅमिश स्मॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1975 मध्ये मांडलेला सप्रेसर, म्हणजे कॉलमनंतर आयनांची अदलाबदल करणारा भाग, हे त्याचे उत्तर. मोबाइल फेज सोडियम हायड्रॉक्साइडचा असेल, तर कॉलमनंतर सप्रेसर त्यातील सोडियमच्या जागी हायड्रोजन आयन आणतो व हायड्रॉक्साइडचे पाणी होते. त्याच वेळी नमुन्यातील सोडियम क्लोराइडचे हायड्रोक्लोरिक आम्ल बनते. हायड्रोजन आयनाची मोलर वाहकता सोडियमच्या सुमारे सातपट (350 विरुद्ध 50) असल्याने बेसलाइन (नमुना नसतानाचा संकेत) खाली येते आणि पीक (नमुन्याचा संकेत) वर चढतो. एका दगडात दोन पक्षी म्हणतात ते हेच. तापमान मात्र स्थिर हवे, कारण एका अंशाने वाहकता साधारण 2 टक्के बदलते.

विद्युतरासायनिक, म्हणजे बहुधा अँपेरोमेट्रिक (विद्युतप्रवाह मोजणारा), डिटेक्टर निवडक असतो. ठरावीक विभवावर (विद्युतदाबावर) ठेवलेल्या ग्लासी कार्बनच्या इलेक्ट्रोडवर डोपामीनचा रेणू दोन इलेक्ट्रॉन सोडून क्विनोन होतो आणि त्या इलेक्ट्रॉनांचा प्रवाह हाच संकेत. वाहत्या रेणूंपैकी थोडेच प्रत्यक्ष अभिक्रिया करतात, तरीही अत्यल्प डोपामीन ओळखता येते. शर्करेसाठी तीव्र अल्कलीत सोन्याचा इलेक्ट्रोड वापरतात. त्यावर चिकटलेला थर काढून टाकण्यासाठी विभव स्पंदांनी बदलत ठेवावे लागते. कार्बनचा इलेक्ट्रोड मळला, तर तो पॉलिश करण्यावाचून गत्यंतर नसते.

गंमत म्हणजे, वाहकता मापनात जे क्षार अडचणीचे, तेच येथे मोबाइल फेजमध्ये मुद्दाम घालावे लागतात. त्यांच्याविना इलेक्ट्रोडांमधील द्रावणातून प्रवाह नीट वाहूच शकत नाही.