द्रव यीस्ट वापरताना स्टार्टर करणे खरोखर आवश्यक आहे का?

होय, आवश्यक आहे. स्टार्टर म्हणजे बिअरच्या मुख्य पात्रात घालण्याआधी यीस्ट थोड्या द्रावात वाढवून घेणे. आपण विचारले आहे की प्रथमच द्रव यीस्टचे पाकीट आणले असून ते दोन महिन्यांपूर्वी तयार झालेले आहे, साधारण 1.050 ग्रॅव्हिटीची (पाण्याच्या तुलनेतली घनता, साखर आंबत जाईल तशी ती उतरते) वीस लिटर एल (उबदार तापमानाला आंबवलेली बिअर) बनवायची आहे, तर स्टार्टर करावाच लागेल का आणि तो साखरेच्या पाण्यात केला तर चालेल का. साखरेचे पाणी चालणार नाही. त्याचे कारण पुढे सांगतो. पण पहिल्या भागाबद्दल आधी लिहायला हवे, कारण ‘यीस्ट आपले आपण वाढतेच, पाकीट थेट ओता’ असा सल्ला आपल्याला कोणी ना कोणी नक्की देईल, आणि ज्यांनी तो मला दिला त्यांच्याशी माझा वाद अजून मिटलेला नाही.

हिशेब सरळ आहे. एलसाठी प्रत्येक मिलिलिटर वॉर्टमागे (ज्याची बिअर होते तो माल्टचा गोड काढा) आणि प्रत्येक अंश प्लेटोमागे (त्यातल्या साखरेचे माप) साडेसात लाख जिवंत पेशी हव्यात, असा सर्वमान्य अंदाज आहे. लागरसाठी, म्हणजे थंड तापमानाला आंबवलेल्या बिअरसाठी, त्याच्या दुप्पट. 1.050 म्हणजे सुमारे 12.4 अंश प्लेटो, म्हणून आपल्या वीस लिटरला साधारण 185 अब्ज पेशी लागतील. घरगुती वापराच्या द्रव यीस्टच्या पाकिटात ते ताजे असताना बहुधा 100 अब्जांच्या आसपास पेशी असतात, आणि शीतकपाटात ठेवले तरी त्या दर आठवड्याला मरतच असतात. आपल्या पाकिटात गरजेच्या निम्म्याही जिवंत पेशी असतील, असे मी धरून चालणार नाही.

ज्यांच्याकडून मी बिअर बनवायला शिकलो, त्या ज्येष्ठ मित्रांना हा सगळा हिशेब निरर्थक वाटत असे. त्यांचे म्हणणे असे की पेशी वॉर्टमध्ये गेल्यावर दुप्पट, चौपट, आठपट होतातच, त्यामुळे सुरुवातीला शंभर अब्ज असोत की पन्नास, शेवटी संख्या तेवढीच होते. फर्मेंटर, म्हणजे बिअर आंबवण्याचे पात्र, हाच मोठा स्टार्टर आहे. “अरे, यीस्टला वाढायला शिकवावे लागत नाही,” हे त्यांचे ठरलेले वाक्य होते. त्यांच्या एल चांगल्या होत, त्यामुळे ऐकणाऱ्यांना ते पटतही असे. मला ते पटत नव्हते, आणि शेवटी आम्ही 1.060 ग्रॅव्हिटीच्या लागरचे वीस लिटर वॉर्ट एकत्र उकळून दोन फर्मेंटरमध्ये निम्मे निम्मे वाटून घेतले. यीस्टची दोन पाकिटे एकाच खेपेतली आणि एकाच तारखेची होती. त्यांनी आपले पाकीट थेट ओतले. मी माझ्या पाकिटाचा दोन लिटरचा स्टार्टर आधीच करून, थंड करून, वरचे पाणी काढून टाकून गाळ तेवढा घातला. दोन्ही फर्मेंटर 10 अंश सेल्सियसला एकाच शीतकपाटात ठेवले.

ओतण्यापूर्वी मी दोन्हींचे थेंब मेथिलीन ब्लूमध्ये मिसळून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले होते. जिवंत पेशी हा रंग आत गेला तरी त्याचे क्षपण करतात, म्हणून त्या रंगहीन दिसतात. मेलेल्या पेशी निळ्या राहतात. पाकिटातल्या थेंबात निळ्या पेशी जागोजागी होत्या, स्टार्टरमध्ये त्या शोधाव्या लागत होत्या. मित्रांनीही डोळा लावून पाहिले आणि म्हणाले, “निळ्या पेशी मोजून बिअर होत नाही.”

माझ्या फर्मेंटरवर दुसऱ्या दिवशीच फेस धरला. त्यांचा फर्मेंटर बराच काळ शांत राहिला, मग सुरू झाला, आणि 1.024 ला येऊन थांबला. माझी बिअर तोवर 1.014 पर्यंत उतरली होती. त्यांनी तापमान वाढवले, फर्मेंटर हलवून पाहिला, तेव्हा कुठे ती 1.019 पर्यंत आली, आणि तिला डायअ‍ॅसिटिलचा (आंबताना तयार होणारे एक संयुग) लोण्यासारखा वास राहिला तो राहिलाच. यावर त्यांचे स्पष्टीकरण असे की त्यांचा फर्मेंटर शीतकपाटाच्या थंड भिंतीला लागून होता. पुढच्या वेळी जागा बदलून हेच पुन्हा करू, असे मी सुचवले. ते झाले नाही, आणि ‘त्या दिवशी भिंत थंड होती’ हे मी आजवर ऐकतो आहे.

पेशी आठपट होतात, हे त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. चूक होती ती त्या आठपट झालेल्या पेशी सारख्याच सुदृढ असतात, असे मानण्यात. यीस्टच्या पेशीभित्तिकेच्या आतल्या पातळ पटलाला एर्गोस्टेरॉल (स्टेरॉल वर्गातला स्निग्ध पदार्थ) आणि असंतृप्त मेदाम्ले लागतात, आणि ती तयार करण्यासाठी यीस्टला प्राणवायू लागतो. हवा घालून घुसळलेल्या वॉर्टमध्ये प्राणवायू फार तर दहा लाखांत आठ भाग इतकाच विरघळतो, ग्रॅव्हिटी जास्त असेल तर त्याहूनही कमी, आणि यीस्ट तो काही तासांत संपवते. त्यानंतर प्रत्येक विभाजनात आईकडे असलेला स्टेरॉलचा साठा आई आणि लेकीत वाटला जातो, नवा तयार होत नाही. म्हणजे जितक्या कमी पेशींपासून सुरुवात, तितकी जास्त विभाजने आणि तितकी शेवटच्या पिढीची पटले दुबळी. नेमके तेव्हाच वॉर्टमध्ये मद्यार्क वाढलेला असतो आणि त्याला तोंड देण्याची ताकद त्या पिढीत नसते. बिअर अर्ध्यावर अडकते ती यामुळे. शिवाय वाढणारी पेशी व्हॅलिन हे अमिनो आम्ल बनवताना डायअ‍ॅसिटिलचा पूर्वघटक बाहेर टाकते. वाढ जास्त तर तो जास्त, आणि शेवटी ते डायअ‍ॅसिटिल परत शोषून घ्यायला सशक्त यीस्ट हवे, जे अशा फर्मेंटरमध्ये उरलेले नसते. लागर थंड असते, म्हणून तिथे हे सगळे ठळक दिसते. एल उबदार असते, तिथे दोष झाकला जातो. माझ्या मित्रांच्या एल चांगल्या होण्याचे कारण मला यात दिसते.

फर्मेंटर हाच स्टार्टर, हे खरे असते तर मद्यनिर्माणशाळांनी स्वतंत्र वाढपात्रे कधीच ठेवली नसती. 1883 मध्ये कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेन यांनी एका पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवून दाखवले, तेव्हापासून स्वतःचे शुद्ध यीस्ट वाढवणाऱ्या निर्माणशाळा ते लहान पात्रातून मोठ्या पात्रात, पायरीपायरीने वाढवत नेतात. आपण घरी करतो ती त्यातली एकच पायरी आहे.

आता साखरेबद्दल. वॉर्टमधली मुख्य साखर माल्टोज असते. ग्लुकोज भरपूर मिळाले की यीस्ट माल्टोज आत घेणारी प्रथिने बनवणे थांबवते, आणि साध्या साखरेवर वाढवलेले यीस्ट वॉर्टमध्ये पडले की त्याला ही यंत्रणा नव्याने उभारावी लागते. शिवाय साखरेच्या पाण्यात अमिनो नत्र नाही, जस्त नाही, जीवनसत्त्वे नाहीत. अशा पाण्यात पेशी धड वाढतही नाहीत. म्हणून एक लिटर पाण्याला 100 ग्रॅम कोरडे माल्ट एक्स्ट्रॅक्ट घ्यावे, म्हणजे ग्रॅव्हिटी 1.037 च्या आसपास येते. ‘यीस्टला सवय व्हावी’ म्हणून ती 1.060 पर्यंत चढवण्याचा सल्ला मिळाला तर तो ऐकू नये, स्टार्टरमध्ये पेशींना ताण द्यायचा नसतो. दहा ते पंधरा मिनिटे उकळावे, 25 अंशांखाली थंड करावे, आणि त्यानंतर जे जे त्याला स्पर्श करेल ते सर्व निर्जंतुक असावे. यीस्ट घालून तोंडावर फॉइल सैल ठेवावी. एअरलॉक (वायू बाहेर सोडणारी पण हवा आत न येऊ देणारी झडप) लावू नये, कारण इथे हवा आत यायलाच हवी आहे. यीस्ट लागरचे असले तरी स्टार्टर 20 ते 24 अंशांना ठेवावा.

स्टर प्लेट (चुंबकाने द्राव सतत ढवळणारे उपकरण) असेल तर उत्तम, पण तिच्यामुळे यीस्ट किण्वन सोडून श्वसनावर जाते, ही समजूत चुकीची आहे. वॉर्टइतकी साखर समोर असताना प्राणवायू असूनही हे यीस्ट किण्वनच करते. प्लेटचा उपयोग पेशी तरंगत्या ठेवणे, कर्बवायू बाहेर काढणे आणि थोडा प्राणवायू पुरवत राहणे इतका आहे. ती नसेल तर मोठी बाटली घेऊन तासातासाने जोरात हलवली तरी आपले काम होईल. फेस रात्रीतून येऊन ओसरू शकतो, म्हणून तो दिसला नाही तर घाबरू नये. ग्रॅव्हिटी मोजावी आणि तळाचा दुधट थर पाहावा. पुरता आंबलेला स्टार्टर एक-दोन दिवस शीतकपाटात ठेवून वरचे पाणी काढून टाकावे. माझे मित्र यालाही ‘यीस्ट फेकून देणे’ म्हणत. त्यांच्यासाठी आणि आपल्यासाठी सांगतो: वरचे पाणी म्हणजे हवा लागलेली, बेचव बिअर असते, आणि दहा लिटर नाजूक लागरमध्ये दोन लिटर तशी बिअर ओतणे हा गुन्हा आहे. लवकर खाली न बसणाऱ्या जातींत मात्र पुष्कळ पेशी वर तरंगत राहतात. तिथे जास्त दिवस थांबावे, किंवा स्टार्टर लहान करून ऐन फेसावर असताना सगळाच ओतावा.

काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. वर लिहिलेले सर्व द्रव यीस्टबद्दल आहे. कोरड्या यीस्टचा स्टार्टर करू नये, कारण ते वाळवण्याआधी भरपूर प्राणवायूत वाढवून स्टेरॉलचा साठा देऊनच तयार केलेले असते, आणि स्टार्टरमध्ये तो साठा खर्च होतो. एका जोडीच्या प्रयोगाने सिद्धांत सिद्ध होत नाही, हेही मी मान्य करतो. क्वाइकसारख्या (नॉर्वेतले पारंपरिक यीस्ट) जाती कमी पेशींतही उत्तम चालतात, आणि गव्हाच्या बिअरमध्ये काही जण मुद्दाम कमी यीस्ट घालतात. स्टार्टरला आंबट किंवा व्हिनेगरसारखा वास आला तर तो टाकून द्यावा, कारण स्टार्टरमध्ये यीस्टबरोबर दूषित जंतूही वाढतात. आणि स्टार्टरचे वॉर्ट आधीच करून बंद बरणीत खोलीच्या तापमानाला साठवायचे असेल, तर ते प्रेशर कॅनरमध्येच भरावे. नुसत्या उकळीने बोट्युलिझमचे (एक घातक अन्नविषबाधा) बीजाणू मरत नाहीत आणि वॉर्टची आम्लता त्यांना रोखण्याइतकी नसते. आपल्याला एकदाच लागणार आहे, तेव्हा ते त्या दिवशीच उकळलेले बरे.