‘मॅडम, माझ्याकडे शब्दच नाहीत’

“विषय कळतो मॅडम, पण इंग्रजीतला पेपर, म्हणजे शोधनिबंध, वाचायला उघडला की डोकं बधिर होतं. मराठी माध्यमातून आल्याची शिक्षा आहे ही.” एम.ए., एम.एस्सी.चे वर्ग सुरू होऊन महिना झाला की हे गाऱ्हाणं वेगवेगळ्या तोंडून ऐकू येतं. अर्थशास्त्राच्या एका विद्यार्थिनीची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

शाळा गावातली, बी.ए.ही मराठीतून. उपाय तिने स्वतःच शोधला होता. परदेशी जाणारी मुलं जीआरई या प्रवेशपरीक्षेसाठी जे अवघड इंग्रजी शब्द पाठ करतात, ते वहीत उतरवून रोज घोकायचे. वही भरत आली तरी पेपर होता तिथेच. मग बुद्धीचीच शंका यायला लागली, सेमिनारला दांड्या सुरू झाल्या.

तिला म्हटलं, वाचताना अडलेला पेपर घेऊन ये, आणि अडलेल्या शब्दांखाली रेघा मार. शेतमजुरांच्या मजुरीवरचा पेपर होता. इलॅस्टिसिटी, सबसिडी, मार्जिनल कॉस्ट यांच्याखाली एकही रेघ नाही. विषयाच्या परिभाषेत ती पक्की होती. वहीतला एकही शब्द त्या पेपरात सापडला नाही. रेघा होत्या त्या अझ्यूम, डिराइव्ह, कन्स्टिट्यूट, नेव्हरदलेस अशा शब्दांखाली. रोजची भाषा आणि विषयाची परिभाषा यांच्या मधला हा थर. अर्थशास्त्राचे शिक्षक धरून चालतात की तो इंग्रजीच्या तासाला झाला असेल, आणि इंग्रजीच्या तासाला कथा-कविता चाललेल्या असतात.

न्यूझीलंडच्या भाषा-अभ्यासक एव्हरिल कॉक्सहेड यांनी सुमारे ३५ लाख शब्दांचा अभ्यासकीय मजकूर तपासून हाच थर वेगळा काढला. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या यादीत ५७० शब्दकुळं आहेत, म्हणजे अझ्यूम, अझम्प्शन वगैरे मिळून एक कूळ. रोजच्या वापरातली पहिली दोन हजार कुळं त्यांनी मुद्दाम वगळली. तरीही अभ्यासकीय मजकुरातल्या शंभरापैकी साधारण दहा शब्द या यादीतले निघतात. ५७० हा आकडा ऐकून ती पहिल्यांदा हसली. “एवढेच?” एवढेच नव्हेत, पण सुरुवात इथून करावी. तिला छळणारे अझ्यूम, डिराइव्ह आणि कन्स्टिट्यूट तर त्या यादीच्या पहिल्याच गटात आहेत.

यादी हाती पडताच तिने तीही पाठ करायला घेतली असती. मी अडवलं. सुट्टा शब्द परीक्षेपुरता टिकतो. त्याऐवजी एकाच विषयावरचे पेपर लागोपाठ वाचायला सांगितले, कारण तेच शब्द पुन्हा पुन्हा भेटतात आणि कोणाच्या सोबतीने येतात तेही दिसतं. वहीत अर्थाऐवजी पेपरातलं अख्खं वाक्य उतरवायचं. काही दिवसांनी शब्द झाकून वाक्य वाचायचं आणि झाकलेला शब्द आठवायचा. पुढच्या उजळणीआधी थोडं जास्त अंतर सोडायचं. पहिल्या वाचनात शब्दकोश बंद. यावर ती सगळ्यात जास्त कुरकुरली, कारण प्रत्येक शब्द पाहिल्याशिवाय पुढे गेलं तर चोरी केल्यासारखं वाटायचं.

तिच्या एका गोष्टीकडे मात्र तिचंच लक्ष नव्हतं. भूमितीत ‘पक्ष, साध्य, सिद्धता’ लिहिलेल्या मुलीला गृहीत धरणं (अझ्यूम) आणि निष्कर्ष काढणं (डिराइव्ह) नवीन नसतं. नवीन होती ती फक्त इंग्रजी नावं. हे बोलल्यावर माध्यमाबद्दलची कडवट भाषा थोडी निवळली. माझ्या मते त्या दिवशी झालेलं काम शब्दांच्या कामाइतकंच मोठं होतं.

लिहिण्याचा प्रश्न वेगळा निघाला. असाइनमेंटमध्ये ती साधा शब्द खोडून समानार्थी कोशातला भारदस्त शब्द घालायची, आणि नेमक्या त्याच जागी शिक्षकांची लाल शाई असायची. लग्नात उसना शालू नेसून सारखा पदर सावरत बसावं, तशी ती वाक्यं अवघडलेली होती. ठरवलं की वाचताना निदान तीन-चार वेगळ्या वाक्यांत न भेटलेला शब्द लिहिताना वापरायचा नाही. पानं साधी झाली, शेरेही कमी झाले.

सेमिनारला ती आता जाते. पेपर वाचायला वर्गमित्रांपेक्षा वेळ लागतोच. अवघड परिच्छेद आधी मराठीत मांडून मग इंग्रजीत लिहिते. तिच्या मार्गदर्शकांना ही सवय पसंत नाही. मला त्यात वावगं वाटत नाही, युक्तिवाद आधी कुठल्या तरी भाषेत उभा राहायलाच हवा. ‘अ’ आणि ‘द’ ही इंग्रजी उपपदं कुठे लावायची याचा घोळ अजून आहे. त्यासाठी तिला इंग्रजी विभागातल्या एका शिक्षिकेकडे पाठवलं आहे.