हीटर देण्याआधी त्यांचं वीजबिल बघा

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका निवृत्त शिक्षिकेनं विचारलंय : मार्चमध्ये मुदत संपणारी 1 लाखाची एफडी आत्ताच मोडून स्वयंपाकाच्या बाई, धुणीवाल्या मावशी आणि गल्लीतल्या दोन एकट्या आजींना ब्लोअर (गरम हवा फेकणारे हीटर) घेऊन द्यावेत, थंडीभर बिलही भरावं, हे बरोबर आहे का?

ताई, मदत जरूर करा. जानेवारीत आपल्याकडे पारा 3-4 अंशांवर येतो, आणि पत्र्याच्या छपराखाली ती रात्र फार लांबते. पण एफडी मोडू नका. आणि ब्लोअर तर नकोच.

2,000 वॅटचा ब्लोअर तासाला 2 युनिट खातो. रात्री दोन तास, पहाटे एक तास लावला तरी रोजचे 6, महिन्याचे 180. स्वयंपाकाच्या बाईंचा वापर 90 युनिट आणि बिल शंभराच्या आसपास, असं तुम्हीच लिहिलंय. ते मध्य प्रदेश सरकारच्या अटल गृह ज्योती योजनेमुळे : महिन्याचा वापर 150 युनिटांच्या आत असेल तरच पहिले 100 युनिट 100 रुपयांत मिळतात. त्यांचा आकडा 270 वर गेला की सवलत गेली. आधीच्या 90 युनिटांनाही नेहमीचा दर लागेल. यंदा तुम्ही भराल. पुढच्या वर्षी तुम्हाला जमलं नाही तर? धुणीवाल्या मावशी भाड्यानं राहतात. घरमालक सब-मीटरवर (भाडेकरूसाठी बसवलेल्या वेगळ्या मीटरवर) स्वतःचा दर लावत असेल तर त्यांना आणखी जड जाईल.

त्यापेक्षा ऊब घरातच टिकवा. जुन्या रजईतला कापूस पिंजून परत भरून घ्या, दाराखालच्या फटीला कापडाची गुंडाळी, खिडकीला जाड पडदा, जमिनीवर सतरंजी. घरटी दोन हजार धरा, चार घरांचे आठ. यंदा ते बचत खात्यातून द्या. मार्चमध्ये एफडीचे पैसे ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका. सध्याच्या 8.2 टक्क्यांनी वर्षाला 8,200 रुपये व्याज येईल, दर तिमाहीला 2,050. दरवर्षीची मदत व्याजातच भागेल आणि तुमच्या दुखण्याखुपण्याची पुंजी शाबूत राहील. तुम्हीही एकट्याच आहात, ताई, म्हणून हे आग्रहानं सांगतोय.

करसवलतीचंही विचारलंय : ओळखीच्या माणसाला थेट दिलेल्या मदतीवर 80जी, म्हणजे देणग्यांवर करसवलत देणारं प्राप्तिकराचं कलम, लागू होत नाही.

एक आजी दार लावून शेगडीत कोळसे ठेवून झोपतात, हे वाचून मात्र पोटात गोळा आला. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. माणूस झोपेतच जातो. आज संध्याकाळीच जाऊन सांगा, शेगडी अंगणातच शेकायची, आत आणायची नाही. हीटर द्यायचाच तर त्यांना द्या, छोटा, 400 वॅटची एकच कांडी चालवता येईल असा. रोज दोन तास लावला तर महिन्याला 24 युनिट होतात. त्यांचं मागचं बिल बघून घ्या. 120 युनिटांच्या आत असेल तर त्यांची सवलत जाणार नाही.